आपला अभ्यास कोणाच्या कपाटात?



दरसाल दिवाळी झाली, वाटा सुकल्या, की आपल्या गावांत अभ्यास करणारी मंडळी येतात. कोणी कॉलेजची पोरं असतात, कोणी पीएचडीवाले, कोणी संस्थेचे. फॉर्म भरतात. घरात माणसं किती, शेळ्या किती, हिरडा किती निघतो, देव कोणता, लग्नात काय वाजवता, भगत कोण, असं सगळं विचारतात. म्हातारी माणसं काम बाजूला ठेवून सांगतात. आपण चहा करतो, दुपार झाली तर भाकरी वाढतो. फोटो निघतात. मंडळी जातात. पुढे त्या कागदाचं काय झालं ते गावाला कधी कळत नाही.

यावर दोन बोलणी कानावर येतात. काही जण म्हणतात, "येऊ द्या, आपलं काय जातं?" आणि आता काही गावांतली तरुण मंडळी म्हणू लागलीत, "कोणालाच काही सांगायचं नाही, बंद करा." आम्हांला दोन्ही बोलणी पुरी पटत नाहीत. आपलं काय जातं ते बघितलं पाहिजे, आणि त्यातून आपल्याला काय परत आणता येईल तेही बघितलं पाहिजे. कारण हा प्रश्न आता मानापानाचा राहिलेला नाही. तो जमिनीचा झालेला आहे.

पहिली लिहिणारी माणसं कोण होती?

महादेव कोळ्यांवर पहिलं मोठं लिखाण केलं ते कॅप्टन मॅकिंटॉश नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने. १८२८ ते १८३० च्या सुमाराला आपल्या डोंगरांत कोळ्यांचा उठाव झाला होता. रामा किरवा त्यात पुढे होता. त्याला पकडून १८३० मध्ये अहमदनगरला फाशी दिलं. तो उठाव मोडण्याच्या कामावर हाच मॅकिंटॉश होता. म्हणजे ज्याने आपला माग काढला त्यानेच आपल्यावर पहिलं लिखाण केलं. घाट कोणते, खोरी कोणती, कोणत्या कुळाचं कोण कुठं राहतं, हे त्याला कशासाठी पाहिजे होतं ते सांगायला नको.

पुढे १८८५ साली सरकारने पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात कोळी, ठाकर, कातकरी या सगळ्यांची वर्णनं आहेत. दिसतात कसे, खातात काय, देव कोणते, धंदा कोणता. काही ठिकाणी अशी भाषा आहे की वाचून राग येतो. माणसांबद्दल बोलतात का जनावरांबद्दल, असं वाटतं. त्या सरकारला आपल्यावर राज्य करायचं होतं, जंगल ताब्यात घ्यायचं होतं, म्हणून माहिती पाहिजे होती.

स्वातंत्र्याच्या जरा आधी मोठ्या विद्वानांत आपल्यावरून वाद झाला. मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात मांडलं की आदिवासी म्हणजे मागास राहिलेले हिंदू. व्हेरियर एल्विन हे १९२७ साली पुण्यात मिशनच्या कामाला आलेले, मग मध्य भारतात गोंडांमध्ये जाऊन राहिलेले. त्यांचं म्हणणं होतं की आदिवासींना त्यांच्या जागी त्यांच्या रीतीने राहू द्या. याच घुर्यांनी पुढे १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर वेगळं पुस्तकही लिहिलं. आपण कोण, हे ठरवायचा वाद चालला होता आणि त्यात आपल्याला कोणी बोलावलं नव्हतं.

तरी सगळेच सारखे नाहीत

हे सांगितलं म्हणून सगळ्या अभ्यासकांना एका गाठोड्यात बांधायचं नाही. ते चूक होईल.

डी. डी. कोसंबी हे खरे गणिताचे मोठे विद्वान. पुण्यात राहायचे. पण टेकड्या, घाटवाटा, कार्ल्याची लेणी, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवी हे सगळं पायी फिरून बघायचे. गुराख्याला विचारायचे, धनगराला विचारायचे. जुना इतिहास फक्त पोथीत नाही, तो आजच्या गरीब माणसाच्या रीतीत आणि देवळात जिवंत आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. आपली सटवाई, आपला वाघोबा हीसुद्धा इतिहासाची साधनं आहेत, हे त्या लिखाणातून कळतं.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दहा वर्षांत सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेली राई ही लोकांनी राखलेली आहे आणि तिच्यात अशी झाडं टिकलीत जी बाहेर संपली, हे त्यांनी लिहिलं. जंगल आदिवासी संपवतात असं वनखातं म्हणत आलं. त्याला हे उत्तर आहे, आणि तेही छापील.

इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापली. धरण झाल्यावर वीज किती झाली याचा हिशेब सगळे सांगतात. उठलेल्या माणसाचं काय झालं ते घरोघर जाऊन विचारणारे थोडेच.

आणि आपले डॉ. गोविंद गारे. जुन्नर तालुक्यातले, आपल्याच समाजातले. शिकून पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि मराठीत सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांवर पुस्तक लिहिलं. आपल्या पोराने आपल्याबद्दल लिहिलं तर वाक्यात 'ते लोक' असं येत नाही. एवढा फरक पुरेसा आहे.

मुळशीची गोष्ट

पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे, हिंजवडीच्या मागे मुळशीचं धरण आहे. टाटा कंपनीने ते वीज काढायला बांधलं. १९२१ ते १९२४ या काळात तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. माणसं तुरुंगात गेली. धरण झालंच. त्या लढ्यातले वि. म. भुस्कुटे यांनी तो लढा मराठीत लिहून ठेवला. पुढे पुणे विद्यापीठातले प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी सगळे जुने कागद शोधून त्यावर पुस्तक केलं. त्याची इंग्रजी आवृत्ती २००९ मध्ये निघाली. तिच्या नावातच त्यांनी मुळशीला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे.

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांत सावकार पुष्कळ होते आणि ते शहरात राहत होते. त्यांना पैसा पाहिजे होता. जमीन कसणाऱ्याला जमीन पाहिजे होती. बोलणी झाली ती कागदावर नाव असलेल्याशी. कसणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं, म्हणून त्याचं नुकसानही कागदावर आलं नाही.

हीच गोष्ट पुढे चाकण पट्ट्यात झाली. निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, वासुली, सावरदरी या भागात एमआयडीसी आली तेव्हा पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाले. पण त्या माळावर पिढ्यान् पिढ्या गुरं चारणारा ठाकर, बांधावर झोपडी असलेला कातकरी, लाकूडफाटा-कंद आणणारी बाई, यांची नोंद कुठल्या रकान्यात आली? भामा आसखेडचं पाणी आज पुणे शहराला जातं. धरणग्रस्त मात्र धरणाच्या काठावर बसून अजून हक्क मागतात. शंभर वर्षांपूर्वीची मुळशी कोणी लिहून ठेवली म्हणून आपण तिच्याबद्दल बोलू शकतो. चाकणच्या माळावरची वहिवाट कोणी लिहून ठेवली?

आता जमिनीचा मुद्दा

वनहक्क कायदा २००६ चा. नियम २००८ चे, आणि २०१२ मध्ये सुधारलेले. त्यातला नियम १३ पुराव्यांचा आहे. तो प्रत्येक वनहक्क समितीने वाचलाच पाहिजे. त्यात पुरावा म्हणून काय काय चालतं बघा:

गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे, वनखात्याचे आराखडे. कोर्टाचे निकाल. नामांकित संस्थांनी केलेले अभ्यास आणि रूढी-परंपरांच्या नोंदी. जुन्या विहिरी, स्मशानं, देवाच्या जागा. वंशावळ. घर, बांध, सपाटीकरण. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब.

सामूहिक दाव्यासाठी तर आणखी सोपं सांगितलंय. गुरचरण, कंदमुळं-फळं गोळा करायच्या जागा, मासे धरायच्या जागा, पाणवठे, वैदूची औषधं आणायची जागा, देवाची झाडं, राया, तळी. याच गोष्टी अभ्यासवाले आपल्याला विचारत असतात की नाही?

म्हणजे झालं असं. ज्या कागदात आपली हेटाळणी आहे, त्याच कागदात आपला पुरावाही आहे. मॅकिंटॉशने आणि गॅझेटियरने आपल्यावर नजर ठेवायला लिहिलं. पण ही माणसं या खोऱ्यांत आधीपासून आहेत, या घाटांत आणि या जंगलात राहतात, हे त्यांनी सरकारी शाईने लिहून ठेवलं. आता वनखातं "हे अतिक्रमण आहे" म्हणालं तर त्यांच्याच आजोबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवायचा. भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं १९८५ मध्ये. गॅझेटियर छापलं १८८५ मध्ये. शंभर वर्षांचा फरक आहे. आधी कोण होतं ते कोणीही मोजावं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावरून लोकांना फसवलं जातं. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला ७५ वर्षांचा पुरावा लागत नाही. त्याचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला पाहिजे. ७५ वर्षांची, म्हणजे तीन पिढ्यांची अट आहे ती इतर पारंपरिक वननिवासींना. आपल्या शेजारी राहणाऱ्या त्या भावांना तर जुने अभ्यास आणि गॅझेटियर आपल्यापेक्षा जास्त कामाला येतील. त्यांनाही हे सांगा. आणखी एक. नियमात एकाहून जास्त पुरावे बघावेत असं आहे. एकच कागद आणा, तोही अमुकच आणा, असं कोणी साहेब बोलला तर नियम १३ पुढे करा. उपग्रहाचा फोटो नाही म्हणून दावा नामंजूर, हेही चालत नाही. उपग्रहाचा फोटो जोडीला असतो, बाकी पुराव्यांच्या जागी नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयातून आदेश आला होता की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जंगलातून काढा. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, तेव्हा त्याच महिन्यात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. दाव्याच्या फाईलीत पुरावा कमी असणं म्हणजे डोक्यावर टांगलेला कोयता. आणि पुरावा पुण्यातल्या कपाटात पडून आहे.

अभ्यासच आपल्याला परीक्षा घेतो तेव्हा

दुसरी बाजूही सांगतो. जात पडताळणीत ॲफिनिटी टेस्ट असते. देव कोणता, लग्नाची रीत कोणती, मयताला काय करता, सण कोणते, कूळ कोणतं, असे प्रश्न विचारतात आणि उत्तरं जुन्या अभ्यासांशी ताडून बघतात. ही तपासणी रुजली ती १९९४ च्या माधुरी पाटील खटल्याच्या निकालाने. तो खटला महादेव कोळी दाखल्याचाच होता.

खोटे दाखले घेऊन आपल्या जागा खाणाऱ्यांना रोखलंच पाहिजे. त्यात आमचं दुमत नाही. पण होतं काय? पैसेवाला खोटा माणूस पुस्तक पाठ करून येतो आणि पटापट उत्तरं देतो. आणि आपलं पोरगं, ज्याचा बाप वीस वर्षं भोसरीत हमाली करतो, जे तिथंच चाळीत वाढलं, त्याला कांबडनाच बघायला मिळाला नाही, वाघबारस माहीत नाही, म्हणून ते अडतं. १९५७ च्या पुस्तकात आपले आजे जसे दिसतात तसंच आजच्या पोराने दिसावं, हा कुठला न्याय? २०२३ च्या मार्चमध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, आणि घटनेच्या आधीचे जुने कागद मोठ्या वजनाचे आहेत. म्हणजे पुन्हा कागदच. म्हणून आजे-पणज्यांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधून ठेवा. आणि पोरांना रीत शिकवा. ती परीक्षेसाठी नको, आपली आहे म्हणून शिकवा.

मग करायचं काय?

बाहेर बघा. न्यूझीलंडच्या माओरी समाजातली लिंडा तुहिवाई स्मिथ हिने १९९९ मध्ये पुस्तक लिहून जगाला विचारलं की अभ्यास कोणाचा, कोणासाठी, आणि त्याचा मालक कोण? केरळात काणी आदिवासींनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना एक रानफळ दाखवलं. त्यापासून औषध तयार झालं, आणि मिळालेल्या पैशात काणींना वाटा द्यावा लागला. जवळ बघायचं तर कर्जत, खालापूर, सुधागडकडे कातकरी वाड्यांतल्या लोकांनी अभ्यासकांबरोबर बसून आपली झोपडी कोणाच्या जमिनीवर आहे याची पाहणी स्वतः केली. घराखालची जमीन मागायला ती पाहणी हत्यार झाली. फॉर्म तोच, पण पेन कोणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं.

आपल्या वनहक्क कायद्यातही कलम ३(१)(ट), इंग्रजीत 'के', आहे. जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क आहे, असं ते कलम सांगतं. म्हणून ग्रामसभेने पुढच्या बैठकीत हे ठराव घ्यावेत, असं आम्ही सुचवतो:

१. नोंदवही. गावात अभ्यासाला येणाऱ्याचं नाव, संस्था, विषय, तारीख वहीत लिहायची. सही घ्यायची. वही समितीच्या सचिवाकडे राहील.

२. आधी ग्रामसभा. एकट्या म्हातारीला गाठून विचारपूस नको. आधी ग्रामसभेत येऊन मराठीत सांगा, कशासाठी पाहिजे. आम्हांला पटलं तर दोन माणसं बरोबर देऊ. त्यांच्या बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल.

३. परत आणून द्या. जे लिहाल त्याची प्रत गावाला, समजेल अशा मराठीत. फोटो आणि ध्वनिमुद्रणाची प्रतही. आमच्या आज्यांची गाणी तुमच्या मशीनमध्ये आणि आमच्या नाती मुक्या, असं चालणार नाही.

४. औषधी आणि देवाच्या गुप्त गोष्टी ग्रामसभेच्या परवानगीशिवाय सांगायच्या नाहीत. भगत-वैदूंवर जबरदस्ती नाही.

५. आपली वही आपण लिहायची. प्रत्येक वाडीने दहावी-बारावी झालेली दोन पोरं-पोरी निवडावीत, त्यात एक मुलगी पाहिजेच. सत्तरीच्या पुढच्या माणसांकडे बसून लिहायचं: कोणत्या टेपाडाचं नाव काय आणि का, राब कुठं भाजायचे, हिरडा कोणाचा कुठला, पडकई कोणत्या साली कोणी केली, देव कुठं, मढं कुठं नेतात, दुष्काळात कोणते कंद खाल्ले. खाली अंगठा, तारीख, दोन साक्षीदार. हाच नियम १३ चा वडीलधाऱ्यांचा जबाब. या वर्षी गेलेली म्हातारी पुढच्या वर्षी जबाब द्यायला येत नाही, हे ध्यानात ठेवा.

६. चाकण-भोसरीतली पोरं. आपली पुष्कळ पोरं कंपन्यांत ठेकेदाराकडे आहेत. बहुतेक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी पुण्यातली वाचनालयं आणि सरकारी कचेऱ्या उघड्या असतात. महिन्यातून एक गुरुवार द्या. चौघांनी मिळून जायचं. पुण्यात आदिवासी संशोधन संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथं वाचनालय आहे आणि संग्रहालयही आहे. आपल्याच बापजाद्यांच्या वस्तू तिथं काचेत ठेवल्यात. बघून या. मग वाचनालयात जा. आपल्या गावाचं, खोऱ्याचं, राईचं नाव कुठं येतं ते पान शोधा आणि नकला काढा. गॅझेटियर मोबाईलवरही उघडतं. इंग्रजी अडलं तर लाजायचं नाही, बरोबर कॉलेजचं पोर न्या. पुस्तकाचं नाव, साल, पान नंबर लिहून आणा आणि समितीकडे द्या.

अभ्यासकांनाही आमचं सांगणं आहे. तुमच्यात चांगली माणसं आहेत, त्यांची नावं वर आदराने घेतली. तुमच्या कामाने आमचा दावा टिकू शकतो. म्हणून दार बंद नाही. पण दारातून येताना घरधन्याला विचारायची रीत सगळीकडे असते, ती आमच्याकडेही आहे. तुमच्या पुस्तकात आमचं गाव आलं असेल तर त्या पानाची नकल आमच्या वनहक्क समितीला पाठवा. तुम्हांला ते एक पान आहे, आम्हांला ती दोन एकर जमीन आहे.

राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांच्याबद्दल पहिल्या नोंदी केल्या त्या फाशी देणाऱ्यांनी. त्यांच्या दप्तरात राघोजी दरोडेखोर आहेत. आपल्या गाण्यात ते राघोजी आहेत. दोन्ही लिखाणं पुढे जातील की एकच, हे आता आपल्या वहीवर आहे.

पुढच्या अंकात ज्या वाड्यांनी वह्या सुरू केल्या त्यांची नावं छापू. वहीतलं एक-एक पानही छापू, पण ग्रामसभेला विचारूनच.

आमच्या गावात आम्हीच सरकार!
जंगल आमचं, ज्ञान आमचं, वहीही आमची!
जिंदाबाद!